आधी मोज, मग विचार

त्यांचं तोंड वाईट होतं हे पहिल्यांदाच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की कुणाला वाटायला नको, ही बाई एका माणसाला देव करायला निघालीय. देव्हाऱ्यात बसवावं असं त्यांच्यात काही नव्हतं. बसवलं असतं तर त्यांनी आधी समईची वात तिरकी का म्हणून विचारलं असतं आणि लावणारीची अक्कल काढली असती.

लूमची, म्हणजे यंत्रमागांची, इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणी मालेगावचा, कुणी इचलकरंजीचा, बाकी बहुतेक आमच्या भिवंडीतलेच. कार्ड म्हणजे लूमचा मेंदू. तो बिघडला की ग्रुपवर फोटो टाकायचा आणि विचारायचं. उत्तर द्यायला दहा जण पुढे येतात, पण ज्या उत्तराने लूम चालू व्हायचा ते उत्तर खारबावच्यांचं असायचं. त्यांच्या नंबरासमोर नाव नव्हतं, फोटो नव्हता, फक्त 'खारबाव' एवढं गावाचं नाव लिहिलेलं. म्हणून सगळे त्यांना खारबावचे म्हणायचे. पाठीमागे आणखीही बरंच काही म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी ग्रुपवर आले ती वडलांच्या नंबरावरून. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते गेल्यावर मी ते बंद करावं असं शेलार गावातल्या सगळ्या भावकीचं मत होतं. मी आयटीआय केलं होतं, हट्टी होते, दुकान उघडं ठेवलं. मोटारी कमी झाल्या होत्या, नवे, कार्डावर चालणारे रेपियर लूम येत होते, तेव्हा मी कार्डांकडे वळले. मला कार्ड दुरुस्त करणारी व्हायचं होतं. जुनं काढून नवं बसवणारे नाक्यावर पुष्कळ होते, त्यात आणखी एकीची भर कशाला?

माझा पहिला प्रश्न मला पाठ आहे. "सर, अर्जंट. लूम बंद आहे. प्लीज हेल्प."

उत्तर आलं: "मी सर नाही. अर्जंट तुला आहे, मला नाही. 'लूम बंद' हा प्रश्न नाही, बातमी आहे. कार्डाचा फोटो, मशीनच्या पाटीचा फोटो, मीटरचं रीडिंग. आधी मोज, मग विचार."

मी फोन टेबलावर आपटला. कोण कुठला माणूस, चार अक्षरं धड बोलता येत नाहीत! आता याला दाखवतेच म्हणून मीटर घेऊन बसले आणि एकेक जागा मोजत गेले. सातव्या की आठव्या जागी रीडिंग आलंच नाही. तिथली तांब्याची पट्टी जळलेली होती. विचारायची गरजच उरली नाही. मग मी मोठ्या तोऱ्यात ग्रुपवर "थँक्यू, झालं" एवढंच टाकलं, तर लगेच उत्तर: "थँक्यू नको. काय निघालं ते लिही. मागून येणाऱ्याला कळू दे."

हे त्यांचं कायमचं. आभार मानले की चिडायचे, माफी मागितली की जास्त चिडायचे. "सॉरीने फ्यूज बसत नाही," हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल देव जाणे. कुणी खाजगीत विचारलं तर तो प्रश्न सरळ उचलून ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, "चूक चारचौघांत करता, मग उत्तर कोपऱ्यात कशाला?" एकाने सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवली, तर यांनी विचारलं, "या फुलाचं व्होल्टेज किती?" तो बिचारा दोन महिने ग्रुपवर दिसला नाही.

पण दिवाळीत सगळे फराळाचे फोटो टाकत असताना हा माणूस एखाद्या जुन्या कार्डाचा हाताने काढलेला नकाशा टाकायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या सरलेल्या महिन्याच्या मागे, निळ्या पेनने, पट्टीने ओढलेल्या रेघा. ज्या कार्डाची माहिती कुठेच मिळत नाही, त्याचा नकाशा. शुभेच्छा नाहीत, काही नाही. फक्त एक ओळ: "जपून ठेवा. परत काढणार नाही." मी ते सगळे छापून दुकानात लावले आहेत.

त्यांच्याकडून शिकायचं तर एक युक्ती करावी लागायची, ती मला सहा महिन्यांनी सापडली. त्यांच्या उत्तरातली पहिली ओळ वाचायची नाही. पहिल्या ओळीत अपमान असायचा, दुसरीत प्रश्न आणि तिसरीत, प्रश्नाचं उत्तर आपण दिलं तर, दुरुस्ती. मी वडलांच्या रिवाइंडिंगच्या वहीत मागच्या बाजूने त्यांची उत्तरं उतरवून काढायला लागले, पहिली ओळ गाळून. आणि उत्तर देताना मीही फक्त आकडे द्यायचे. विनंती नाही, रडगाणं नाही, हात जोडल्याचं चित्र नाही. असं केलं की ते जवळजवळ माणसात यायचे. माझी आई शेजारी बसून बघायची. एकदा म्हणाली, "कोन हाय गं ह्यो? रोज तुला टाकून बोलतो, नि तू हसतेस काय?"

"आई, बघ ना, आज एकदाच मूर्ख म्हणाले," मी म्हटलं.

ग्रुपवर सगळ्यांना मी पुरुष वाटायचे. दुकानाचं नाव वडलांचं, फोटो वडलांचा. 'भाई, भाई' म्हणत सगळे मजेत होते. एक दिवस हात सोल्डरिंगमध्ये अडकलेले म्हणून मी बोलून निरोप पाठवला आणि ग्रुपला माझा आवाज ऐकू आला. त्या दिवसापासून मी मॅडम झाले. आणि मॅडमला कुणी चूक म्हणत नाही! मी काहीही चुकीचं लिहिलं तरी "बहोत बढिया मॅडम", प्रश्न विचारला की "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, नवं कार्ड टाका." अ‍ॅडमिन तर सुट्या भागांचा व्यापारीच, अगदी गोड माणूस, तो पुढे हसरा चेहराही जोडायचा. त्या गोडव्यात मला एक अक्षर नवं शिकायला मिळेना.

खारबावचे तेवढे बदलले नाहीत. आधी मला 'मूर्खा' म्हणायचे ते 'मूर्खे' म्हणायला लागले, एवढाच फरक. माझं सोल्डर बघून "शी" लिहायचे ते तसंच लिहीत राहिले. मला हे तेव्हाही कळत होतं आणि फार बरं वाटत होतं. ग्रुपवरच्या चारशे माणसांत मला कारागीर समजणारा हा एकटाच होता.

पुढे त्यांची दृष्टी गेली. मोतीबिंदू काढला, तरी आतला पडदाच खराब होता म्हणे. एके सकाळी त्यांनी लिहिलं, "फोटो नीट दिसत नाहीत. अंदाजाने उत्तर देणार नाही. निघतो." आणि स्वतःहून ग्रुप सोडला. पण त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना एकदा ग्रुपमधून काढलं होतं, आणि ते माझ्यापायी. ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही.

इकबालभाईंची शेड होती, आठ रेपियर लूमची. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांना सांगणारे सांगत होते की बाईच्या हातात मशीन देऊ नका, तरी त्यांनी दिलं. त्यातला तीन नंबरचा लूम मधेच आपोआप थांबायचा. धागा तुटलेला नसायचा, काही नसायचं. डिस्प्लेवर फक्त 'स्टॉप'. लूमच्या दोन्ही बाजूंना मोठं लाल बटण असतं. कारागीर साध्या बटणाने लूम थांबवतो, मग लाल बटण दाबून ठेवतो, म्हणजे पलीकडून कुणी चुकून चालू केला तरी लूम हलत नाही, आणि मगच आत हात घालून तुटलेला धागा जोडतो. मला वाटलं, त्या लाल बटणांतच कुठेतरी रुई अडकून कनेक्शन तुटतंय.

एखादा स्विच त्रास द्यायला लागला की त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून त्याला मधून काढून टाकायचं, याला आमच्याकडे 'डायरेक्ट करणं' म्हणतात. भिवंडीत पाण्याच्या पंपापासून पंख्यापर्यंत काय काय डायरेक्ट चालतंय, हे शोधायला बसू नये. इकबालभाईंना माल द्यायची घाई होती. मी पिवळ्या वायरीचा एक तुकडा घेतला आणि कार्डावर बटणं डायरेक्ट करून टाकली. नंतर बघू म्हटलं. लूम दिवसभर चालला. इकबालभाई खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी लूम पुन्हा थांबायला लागला.

आता मात्र मला काही सुचेना. मी ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकला. पिवळी वायर दिसू नये म्हणून मोबाइल मुद्दाम तिरका धरला होता. डायरेक्ट केल्याचं लिहिलं नाही, कारण इकबालभाई स्वतः त्या ग्रुपवर होते.

खारबावच्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. फोटोचा उजवा कोपरा त्यांनी मोठा करून परत टाकला होता. तिथे वायरीचं नखाएवढं पिवळं टोक दिसत होतं.

"कंपनीची वायर पिवळी नसते. ही तुझी. दोन्ही लाल बटणं मारून टाकलीस आणि आम्हाला फोटो तिरका करून दाखवतेस? त्या लूमवर माणूस उभा आहे का बुजगावणं? तुझ्यासारखीने मीटर माळ्यावर टाकावा आणि परत हात लावू नये. वायर काढ. आत्ता. मग सांग, लूम थांबतो त्या क्षणी कार्डाला मिळणाऱ्या चोवीस व्होल्टचे किती होतात?"

पहिली ओळ गाळायची माझी युक्ती त्या दिवशी चालली नाही, कारण सगळ्याच ओळी पहिल्या होत्या. माझे कान तापले. चारशे जणांनी वाचलं असणार, इकबालभाईंनी वाचलं असणार. माझे आठ लूम गेलेच म्हणून मी खुर्चीत बसून राहिले.

पण घडलं भलतंच. "लेडीज मेंबरशी ही काय भाषा?" कुणीतरी लिहिलं. "माफी मागा." "बहन के साथ ऐसी बात?" बघता बघता सगळा ग्रुप माझ्या बाजूने उभा राहिला. वायरीबद्दल एकानेही विचारलं नाही. दुपारच्या आत अ‍ॅडमिनने त्यांना काढून टाकलं आणि मला लिहिलं, "मॅडम, तुमच्या सन्मानासाठी." इकबालभाईंचा फोन आला, "छोडो मॅडम, बुड्ढा पागल है।"

आणि मी गप्प बसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला आजही लाज वाटते. माझी चूक त्यांच्या शिवीखाली झाकली गेली होती. दोन दिवस मी सगळ्यांची सहानुभूती खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते 'आत्ता' आठवलं आणि चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

तीन नंबरवर मुख्तारभाई होते, वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. मी पॅनल उघडलं, पिवळी वायर कापली, बटणांतली रुई साफ केली, लूम चालवून दोन्ही लाल बटणं दाबून बघितली. दोन्हींनी लूम जागच्या जागी थांबला. मुख्तारभाई बघत होते.

"ये बटन बंद था क्या, बेटी?"

"हां. मैंने ही डायरेक्ट किया था। तीन दिन।"

ते आपले दोन्ही हात पुढे धरून, जणू दुसऱ्याचेच असावेत तसे त्या हातांकडे बघत म्हणाले, "हम तो इसी के भरोसे अंदर हाथ डालते थे। बता तो देती।"

रागावले असते तर बरं झालं असतं. ऑफिसमध्ये जाऊन मी इकबालभाईंनाही सगळं सांगितलं. त्यांनी पान थुंकून घेतलं आणि म्हणाले, "हो गया सो हो गया। ग्रुप में मत लिखना। शेड का भी नाम खराब होगा और आपका भी।" लिहिलं तर काम जाईल, हा त्याचा अर्थ मला नीट कळला.

तिथून मी सरळ खारबावला गेले. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं, "लूमची कार्डं दुरुस्त करणारे काका कुठे राहतात?" तर दुकानदार म्हणाला, "भांडण करायचा हाय का काम हाय?" मी म्हटलं काम. त्याने घर दाखवलं.

ओटीवर एक काटकुळे, बनियन घातलेले गृहस्थ डोळ्याला भिंग लावून कार्ड बघत बसले होते. मी दुकानाचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मीटर आणलास?"

"नाही. मी माफी मागायला..."

"मग कशाला आलीस?" भिंग मात्र डोळ्यावरून खाली आलं. "वायर काढलीस?"

"काढली."

"बटणं दोन्ही चालतात? दाबून बघितलीस? लूम चालू असताना?"

"दोन्ही. चालू असताना."

ते भिंतीला टेकले. तेवढ्यात आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तूच का गो ती? बस. तीन दिस झाले, यांना जेवान न्हाय धड. मना सारखं सांगतान, तो मानूस हात घालंल नि पोरीला कलनार पन न्हाय. फोन कराला तुजा नंबर पन गेला त्या ग्रुपासंगती."

"तू चहा टाक," ते तिच्यावर खेकसले.

मला वाटलं होतं, अशा माणसाच्या कडूपणामागे काहीतरी असेल, एखादा अपघात, एखादं दुःख. मी चहा पिताना काकूंना तसं विचारलंही. त्या हसल्या. "न्हाय गो. लगनाच्या दिवशी भटजीला पन असंच बोलले व्हते." मलाही हसू आलं, आणि त्यांच्याविषयीची उरलीसुरली भीती गेली.

निघताना मी विचारलं, "काका, तो लूम अजून थांबतोच आहे. कशाने थांबत असेल?"

"मी तुझा काका नाही. आणि इथे विचारू नकोस. ग्रुपवर विचार. मागून येणाऱ्याला कळू दे."

"तुम्ही ग्रुपवर नाही."

"ती तुझी अडचण," ते म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावलं.

दुकानात येऊन मी लिहायला बसले. दोनदा लिहून पुसलं. इकबालभाईंचं वाक्य कानात होतं, आठही लूम डोळ्यांसमोर होते, आणि भावकीही होती, जिला दुकान कधीचं बंद व्हायला हवं होतं. मग मुख्तारभाईंचे ते पुढे धरलेले हात आठवले आणि मी एकदम सगळं लिहून काढलं. बटणं मी डायरेक्ट केली होती. फोटो मी तिरका काढला होता. खारबावचे बोलले ते खरं बोलले, आणि मी गप्प राहिले. दोन वर्षं मी जे काही शिकले ते यांच्याकडून शिकले, कारण यांनी मला कधी मॅडम म्हटलं नाही. माझा सन्मान करायचा असेल तर त्यांना परत घ्या. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

अर्ध्या तासाने इकबालभाईंचा फोन आला. मी श्वास धरून उचलला.

"लिख ही दिया आखिर," ते म्हणाले. मागे लूमची खडखड ऐकू येत होती. "तीन नंबर फिर बंद हो गया। आकर नाप लो, और क्या। सच बोलनेवाला मिस्त्री अब मैं कहां ढूंढूं।"

मी मीटर घेऊन निघाले. शेडच्या दारात स्कूटर लावते तोवर अ‍ॅडमिनने खारबावच्यांना परत घेतलं होतं, दोन-चार जणांनी त्यांना नमस्कारही केले होते. त्या नमस्कारांना त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या त्या लांबलचक निरोपाखाली मात्र त्यांनी लिहिलं होतं: "एवढं लिहिलंस. त्यात रीडिंग एकही नाही."

मी दारातच मोठ्याने हसले आणि डोळे पुसले. मुख्तारभाईंनी लूम चालू केला. मी चोवीस व्होल्टच्या दोन टोकांना मीटर लावला आणि आकड्यावरून नजर न हलवता उभी राहिले. चोवीस. चोवीस. पाय अवघडले, रुई नाकात गेली, मुख्तारभाईंनी एकदा पाणी आणून दिलं ते नजर न काढता प्यायले. तासाभराने लूम थांबला, आणि थांबता थांबता आकडा खाली कोसळून परत वर आला. मी तो पाहिला होता.

ग्रुपवर मी फक्त तेवढंच टाकलं. "सतरा."

उत्तर लगेच आलं, आणि त्यात पहिली ओळ नव्हती.

"हां. आता विचार."